डाकबंगल्याची हिरवळ

पुराचं पाणी उतरलं अन् डाकबंगल्यासमोरच्या हिरवळीवर बोटभर गाळ बसला. रोज सांजेले तिथं गप्पा हाणणारी गावची म्हातारी मंडळी आली, तं माळी शालिकरामनं काठीच उगारली. "ओल्यात पाय देऊ नका बाप्पा! माती दबली तं मुळायले हवा कुठून भेटन?"

"हे गवत हाये का बाळंतीण रे, शालिक?" पंजाबराव हसले. हसले, पण सगळ्यायले घेऊन मागं फिरले.

शालिकरामनं हलक्या हातानं गाळ खरवडला, सब्बलीनं जागोजाग भोकं पाडली, वरून रेती अन् शेणखत पसरलं. चहूकडून काटेरी बोराट्यायचं कुंपण लावलं. दिवाळीपावतर हिरवळ अशी उठली, की पाहतच राहावं. मंग त्यानं काटे काढले, माठ भरून ठेवला अन् वाट पाहत बसला. कोणीच आलं नाही. पंचायतीत नवा रेडिओ आला होता, मंडळीले आता तिथंच गमून राह्यलं होतं.

एका सांजेले तांड्यावरचा सोमला बकऱ्या घेऊन रस्त्यानं चालला होता. शालिकरामनं हाक मारली, "सोमला, बकऱ्या आत घाल."

सोमला थबकलाच. "काहून मामा, डोकं फिरलं का? एवढ्या मेहनतीचं गवत, घडीभरात सफा करतीन ह्या."

"करू दे." शालिकराम जरासा सरकून बसला. "त्या चरतीन तोवर तं बसशीन ना?"