चाखायची नोकरी

यालिनीनं चमचा कालवणात बुडवला आणि तो घेऊन ती स्टॉलमागच्या ताडपत्रीआड निघाली. भर रोज्याच्या दिवशी उपाशी माणसांसमोर तोंड हलवायची तिला लाज वाटत होती.

“अगं, चोरी करतेस का?” रोगाया मावशी ओरडली. “इथं समोर उभी राहून खा. त्याचेच पैसे देते ना मी तुला?”

ते मात्र खरं होतं. रमजान लागला की मलेशियातल्या तैपिंगच्या बाजारात मावशीचा स्टॉल लागायचा, आणि रोजा असल्यामुळे स्वतःच्या हातचं स्वतःला चाखता यायचं नाही. जिभेवर टेकवून थुंकलं तर चालतं, असं लोक सांगायचे. पण चुकून गिळलं गेलं तर, म्हणून मावशी त्या वाटेला जायचीच नाही. यंदा तिनं शेजारच्या तमिळ घरातली यालिनी उचलून आणली होती. शाळेची शेवटची परीक्षा नुकतीच संपलेली, निकालाला अवकाश, आणि पोरगी घरात बसून आईचं डोकं खात होती. मावशीचा भाचा अझ्लान तिच्याच वर्गातला. त्याला निखाऱ्यांवर मासे भाजायला बसवलं होतं.

“नशीब काढलंस बाई,” धुरानं लाल झालेले डोळे पुसत तो म्हणाला. “मी परीक्षा देऊन धूर खातोय, तू परीक्षा देऊन कोंबडी खातेस.”

यालिनीला हसू येईना. काल पहिल्याच दिवशी तिनं एकजात सगळ्या पातेल्यांना ‘छान’ म्हटलं होतं. मोठ्या माणसानं केलेल्या पदार्थाला नावं ठेवायची तिच्या घरी पद्धत नव्हती, आणि मावशी तर तिच्या आईहून मोठी. कोंबडीच्या कालवणात मीठच नव्हतं. ते जिभेला कळलं होतं, पण तोंडातून शब्द निघाला नव्हता. अर्ध्या गल्लीनं त्या अळणी कालवणावर रोजा सोडला.

“मी तुझी जीभ कामाला ठेवलीय, तुझे संस्कार नव्हेत,” आज आल्या आल्या मावशीनं तिला सुनावलं होतं. “पुन्हा असं झालं तर उद्यापासून येऊ नकोस.”

आणि यालिनीला तर यायचं होतं. इथला धूर, आरडाओरडा, अझ्लानची टवाळी, सगळंच तिला मनापासून आवडायला लागलं होतं.

स्टॉलसमोर रांग लागली. सगळ्यांत पुढे उभे होते कालचंच गिऱ्हाईक, हाजी शुकोर, हातात पिशवी उघडून.

“काय रोगाया, आज मीठ घातलंस, की घरी जाऊन मीच घालू?”

मावशी हसली, पण तिचा चेहरा पडला होता.

यालिनीनं ताडपत्रीचा नाद सोडला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, चमचा तोंडात घातला. कालच्या धसक्यानं मावशीनं आज मिठाचा हात चांगलाच सैल सोडला होता. यालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“कसं झालंय?”

अख्खी रांग तिच्याकडे बघत होती.

“मावशी, जरा इकडे येता?” ती हळूच म्हणाली.

“कशाला? पातेलं इथं आहे. बोल.”

“खारट झालंय.”

“थोडंसं?”

“नाही. खूप.” यालिनीनं डोळेच मिटून घेतले. “हे खाल्लं तर यांना रात्रभर पाणी पुरायचं नाही.”

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. हाजी शुकोरांनी पिशवीची घडी घातली. मावशी कमरेवर हात ठेवून यालिनीकडे बघत राहिली. संपली नोकरी, असं यालिनीला वाटलं. तेवढ्यात मावशी वळली आणि गरजली, “अझ्लान! नारळाचं दूध आण! आहे तेवढं सगळं!”

मग एकच धांदल उडाली. दूध ओतलं, बटाटे चिरून टाकले, जाळ वाढवला. यालिनी चाखायची आणि मान हलवायची. अजून. अजून थोडं. जीभ एकदा सुटली ती सुटलीच. वांगी करपट लागतायत, म्हणाली. सरबतात साखरेचं पोतं उपडं केलंय का, म्हणाली. अझ्लानचा मासा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा आहे, हे तर तिनं अगदी चवीचवीनं सांगितलं.

“तुला कोणी विचारलं?” अझ्लान तडकला.

“मला त्याचेच पैसे मिळतात.”

गंमत म्हणजे रांग जागची हलली नाही. उलट हाजी शुकोरच मागच्यांना दरडावत होते, “थांबा हो, घाई करू नका. ती पोरगी हो म्हणू दे आधी.”

बांग झाली तेव्हा पातेली रिकामी झाली होती. तिघं स्टॉलमागे खाली बसली. मावशीनं खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली आणि बाजूला काढून ठेवलेलं कालवण भातावर ओतून पहिला घास घेतला. यालिनी तिच्या तोंडाकडे बघत होती. मावशीनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. ताट चाटूनपुसून साफ केलं.

यालिनीला राहवेना. “मावशी, मी उद्या येऊ ना?”

“उद्याचं काय विचारतेस?” मावशीनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “ईदच्या आदल्या दिवशी घरी ये. माझ्या सासूबाई शेंगदाण्याचं कालवण करतात. तीस वर्षं झाली, आम्ही सगळे मुकाट्यानं खातोय.”