मनोऱ्यातली जागा

"हे काय आहे?" श्रीधरसरांनी डब्याचं झाकण उघडून विचारलं.

"मोड आलेले मूग," गौरी म्हणाली. "आणि काकडी."

"आणि?"

"आणि काय? बस्स."

सरांनी डब्याकडे पाहिलं, मग गादीवर आडव्या पडलेल्या तिच्या लेकीकडे, देवश्रीकडे. सहावीतली पोर, पण ओठ पांढरेफटक. आत्ताच सरावात तिला चक्कर आली होती आणि तिच्या खांद्यांवर उभ्या असलेल्या दोघी फणसासारख्या धपाधप गादीवर पडल्या होत्या. मैदानावर पालकांच्या खुर्च्या भरत होत्या. माइकवाला हॅलो-हॅलो करत होता. शाळेच्या क्रीडोत्सवात मल्लखांबाच्या मनोऱ्याची वेळ जवळ येत होती.

"वहिनी, ही माझ्या मनोऱ्याचा पाया आहे," सर म्हणाले. "पायाला तुम्ही काकडी चारताय?"

गौरीला राग आला. चारचौघांत हे असं! पण खरा राग दिवाळीपासूनचा होता. पुण्याहून इकडे माळव्यात अलकावन्सं आल्या होत्या. भरल्या पंगतीत त्यांनी देवश्रीचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाल्या, "काय गं, माळव्याचं तूप चांगलंच मानवलंय तुला!" सगळे हसले. देवश्रीही हसली. गौरी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी घरातली साखर गेली. तूप माळ्यावर चढलं. लाडू-करंज्या माधवनगरभर वाटल्या गेल्या. रविवारची जिलबी बंद झाली, आणि जिलबीची आठवण नको म्हणून तिच्याबरोबरचे पोहेही. पराग, म्हणजे गौरीचा नवरा, बँकेत जाता जाता टावर चौकात नाश्ता उरकायला लागला आणि घरी येऊन साळसूद चेहऱ्याने मूग चावायला लागला. देवश्रीला मात्र अशी सोय नव्हती.

मल्लखांबाचा क्लास लावला तोही वजन उतरावं म्हणूनच. पहिल्याच दिवशी गौरीने पाहिलं, सगळ्यात वर स्नेहा नावाची चिमणीएवढी मुलगी हात पसरून उभी. गौरीने मनातल्या मनात तिला उतरवून तिथे देवश्रीला चढवलं. सरांनी देवश्रीला सगळ्यात खाली उभं केलं. तेव्हापासून रोज जेवताना गौरी तिच्या ताटातली दुसरी पोळी उचलायची आणि म्हणायची, "वजन उतरलं ना, की सर तुला वर घेतील."

आता तिने तेच सरांना सुनावलं. "वजन कमी झाल्याशिवाय ती वर कशी जाणार, सर?"

"वर कशाला पाठवताय तिला? अहो, वर उभं राहायला मला दहा मुली मिळतील. हिच्यासारखे खांदे अख्ख्या क्लासमध्ये कोणाचे नाहीत." सर थांबले. "नव्हते."

गौरी उठली आणि पळत सुटली. व्यायामाचे रील्स ती आजवर सोफ्यावर लोळून पाहत आली होती, त्यामुळे फाटकापर्यंत पोहोचेतो तिच्या बरगडीत कळ आली. "भैया, पोहा-जलेबी, जल्दी!" बाहेरच्या ठेल्यावर ती ओरडली. ठेलेवाल्याला वाटलं, बाईंना भुकेने भोवळ येतेय. त्याने शेव जरा जास्तच टाकली.

परत येऊन तिने गादीवर बसकण मारली आणि जिलबीच देवश्रीच्या तोंडापुढे धरली. इतके महिने पोर याच्यासाठीच झुरत असणार, याची तिला खात्री होती.

देवश्रीने डोळे उघडले. जिलबीकडे पाहिलं. आईकडे संशयाने पाहिलं.

"हे चालतं?"

"चालतं. खा."

"जिलबी राहू दे गं. पोहे दे. भूक लागलीय."

"केव्हापासून?"

देवश्री हळूच म्हणाली, "दिवाळीपासून."

हातातली जिलबी तशीच धरून गौरी बसून राहिली. पाक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. लढाई तिने साखरेशी मांडली होती; मार भलतीलाच बसला होता. देवश्रीने पोहे संपवले. सरांनी केळी आणून दिली, तीही संपवली. मग घटाघटा पाणी प्यायली आणि एक सणसणीत ढेकर दिली. एरवी गौरीने डोळे वटारले असते.

सरांनी मनोरा कार्यक्रमाच्या शेवटी ढकलला. पाहुण्यांची भाषणं वाढता वाढली. भाषणं कोणाच्या तरी उपयोगी पडल्याची त्या शाळेतली ती पहिलीच वेळ असावी. तोवर देवश्रीच्या ओठांवर रंग आला. सरांनी तिला दोनदा उठाबशा काढायला लावल्या, डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "नाही म्हणालीस तरी चालेल. उभी राहतेस?"

"माझ्याशिवाय आहेच कोण?" देवश्री म्हणाली आणि चालायला लागली.

तिने खांबाला मिठी मारली, पाय रोवले. दोघी तिच्या खांद्यांवर चढल्या. त्यांच्यावर आणखी दोघी. सगळ्यात शेवटी स्नेहा सरसर वर गेली आणि तिने हात पसरले. देवश्रीच्या पोटऱ्या एकदा थरथरल्या. मग पोटऱ्या स्थिर झाल्या, दगडासारख्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळं मैदान माना वर करून पाहत होतं. गौरी एकटीच खाली पाहत होती.

शेजारच्या बाईंनी मोबाइल उंच धरला आणि तिला कोपराने जरा बाजूला सारलं. "जरा हटिये ना, फोटो लेना है. वो सबसे ऊपरवाली मेरी बेटी है." मग शिष्टाचार म्हणून त्यांनी विचारलं, "आपकी कौनसी?"

गौरीने पाकाने चिकट झालेला हात वर केला आणि बोट खाली रोखलं.

"जिस पर आपकी खड़ी है, वो."