शपथेचा नारळ

रेवदंड्याजवळच्या गावात लोकल बोर्डाच्या निवडणुकीला खोताविरुद्ध मिठागरातला काळूराम उभा होता. ज्यांना मताचा हक्क होता ते सगळे मनातून काळूरामाचे. पण खोतानं देवळात नारळावर हात ठेवायला लावून त्यांच्याकडून आपल्यालाच मत द्यायची शपथ घेतली होती. शपथेनं त्यांची सोयच झाली. “देवानंच बांधलंय, आमी काय करणार?” म्हणत मर्द पायरीवर विड्या ओढत बसले. नारळ विकणाऱ्या मनुबाईला मत नव्हतं, पण शपथेचा नारळ तिचाच होता. तिनं तो देवापुढून उचलून पायरीवर आपटला. आत ना खोबरं, ना पाणी. “मुद्दाम पोकळ दिलेला. असली शपथ देवाला पोचत न्हाय. सुटलात, जा!” त्यांच्यातल्या धर्माजीनं विडी विझवली. “मनुबाय, येक भरलेला नारळ दे. खोताला कळायच्या आत तीच शपथ परत घेतो समदे.” मनुबाईनं करवंट्या त्यांच्यापुढं फेकल्या. “पोकळ असून ह्यो फुटताना वाजला तरी!”