खाडा

झोळीतल्या लेकराचा वाळा वाजत होता. सकाळची हजेरी चालली होती. मुकादमानं कडूमावशीचा खाडा मांडला होता. दुष्काळी तलावावर आम्ही माती वाहायचो आणि मावशी लिंबाखाली आमची लेकरं सांभाळायची, म्हणून तर आमची टोळी सगळ्यांच्या पुढं असायची.

"बसणाऱ्या बाईला मजुरी न्हाय. हात वाढवा, काम वाढंल!" मुकादम म्हणाला.

"व्हय की," सत्यभामा म्हणाली. "मावशे, उचल घमेलं."

आणि आम्ही सगळी लेकरं मुकादमापुढं नेऊन ठेवली.

दुपारी धाकट्याला पाजायला गेले, तर एक लेकरू मुकादमाच्या मांडीवर मुतलेलं, दुसरं त्याची टोपी चघळत होतं. माझी थोरली मोठ्यानं विचारती, "आये, मुकादममामा सकाळधरनं बसूनच हायत. त्यांचा बी खाडा का?"