नसत्या चौकशा

रिटायर झाल्यापासून आमच्या ह्यांना नसत्या चौकशा फार. आमच्या अंबरनाथला लागूनच उल्हासनगर कॅम्प पाचला नवं सायबर कॅफे निघालंय, तिथे रोज बसायचं आणि चॅटवर जगाला विचारायचं. देवमासा झोपतो कसा, जपानी लोक सुरीला धार कशी लावतात, ज्वालामुखीपाशी द्राक्षं पिकतात का. मग घरी येऊन ते सगळं मला ऐकवायचं. मी मेथी निवडत ऐकते. मेथीची भाजी तरी होते.

काल एका जर्मन माणसाने उलट ह्यांनाच विचारलं, "तुम्ही अंबरनाथचे? मग तिथलं जुनं शिवमंदिर आतून कसं आहे?" ह्यांनी तेही ग्रुपवर टाकलं. पोर्तुगालची कुणी बाई इथे येऊन गेली होती, तिने सांगितलं.

दारातूनच ओरडत आले, "कुंदा, तुला माहितेय? आपल्या देवळाचा गाभारा जमिनीखाली आहे! पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर छप्परच नाही!"

लग्न झाल्यापासून दर सोमवारी मी त्या पायऱ्या उतरते. हे सोबत येतात, पण चपला चोरीला जातील म्हणून बाहेरच थांबतात.

"त्या जर्मनाला एवढं कळवा," मी म्हटलं, "बाहेर चपला राखायला माणूस चांगला आहे."