यादीबाहेरचा शब्द

दुसरीतल्या ठकीला शब्द सापडला, पण तो यादीत नव्हता.

"बाई, तिरका आहे," ती म्हणाली. "कु, लू, प."

बाईंचा खडू फळ्यावरच थांबला. स्मृतिदिनाचं शब्दकोडं, यादीतले शब्द अक्षरांच्या चौकोनांत शोधायचं, दरवर्षी दहावीच्या मुली करतात आणि दुसरीची पिल्लं सोडवतात. कारखान्याची आग त्यांना अशीच शिकवायची, हा शाळेचा रिवाज. यंदाचं कोडं दहावीतल्या, सगळे जिला लांबवेणी म्हणत, तिने केलं होतं. तिची आई त्या आगीत गेली.

आग लागली तेव्हा कारखान्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, हे मोठ्यांना ठाऊक होतं. ब्र मात्र कुणी काढत नव्हतं. आज तर कारखान्याचे मालकच पाहुणे येणार होते. म्हणून बाईंनी काल यादीतून तेवढा शब्द खोडला. मेणबत्ती ठेव, फुलं ठेव, धैर्य ठेव, म्हणाल्या. लांबवेणीने शहाण्यासारखी मान डोलावली होती.

आता ती दारात उभी होती, चेहरा अगदी साळसूद. बाईंनी ठकीला सांगितलं, उरलेल्या चौकोनांत कुठलीही अक्षरं भरतात, चुकून जुळलं असेल, खोडून टाक बघू. ठकी इमानेइतबारे रबर घासू लागली. तोवर शेजारणीला दिसलं, मग तिच्या शेजारणीला. कोड्यातला शब्द एकदा दिसला की मेला डोळ्यांपुढून हलत नाही.

तेवढ्यात मालक आले. बुटक्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीला टेकले, पोरी खुदखुदल्या. एक कोरं कोडं उचलून म्हणाले, मीही सोडवतो की. मेणबत्तीला गोल केला, फुलांना केला, धैर्याला ठकीने मदत केली. सभागृहात सगळे खोळंबलेत, असं बाईंनी दोनदा सांगून पाहिलं.

"झाले सगळे," मालक म्हणाले.

"एक राहिलाय, आजोबा." ठकीने कागदावर बोट ठेवलं. "इथून तिरकं बघा ना."

मालकांनी पाहिलं. मग मान वर करून दाराकडे पाहिलं. लांबवेणीचा चेहरा थेट आईवर गेला होता. ती जागची हलली नाही.

"मला नाही दिसत," ते म्हणाले.

ठकीला त्यांची दया आली. तिने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्यांच्यासाठी गोल काढून दिला.