नोमी लुवा

“आज तरी खरे शब्द आण,” ड्रमवाला म्हणाला.

गादीवाल्याच्या दुकानावरची खोली होती ती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना त्याच्याच उसन्या गाद्या टेकवल्या होत्या. खोलीत शिरलेला आवाज तिथंच पेंगायचा. चाल बसेपर्यंत तोंडाला येतील ती अक्षरं म्हणायची आणि शब्द मागाहून भरायचे, ही त्यांच्या रॉक बँडची नेहमीची रीत. पण तीन आठवडे झाले तरी गाणारी मुलगी तेच म्हणत होती. नोमी लुवा, नोमी ले.

“हेच खरे आहेत,” ती म्हणाली.

“अर्थ काय याचा?”

“जेवलीस का.”

गिटारवाल्याला सगळे लंबू म्हणत. तो हसला, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून उगाचच तारा जुळवत बसला.

ते तिच्या आईचं बोलणं होतं. दोन वर्षांपूर्वी आईला पक्षाघाताचा झटका आला. चालणं परत आलं, शब्द आले नाहीत. उरली ती एवढीच अक्षरं. सूर मात्र शाबूत होता. जेवायला बोलावताना अक्षरांचं शेपूट वर जाई. गादीवर ओला टॉवेल दिसला की तीच अक्षरं दणदण खाली येत. मुलीला सगळं कळायचं. बाबांना कळत नसे, किंवा कळून घ्यायचं नसे. चाळीस वर्षं शाळेत मास्तरकी केलेला माणूस. रोज सकाळी आईसमोर खुर्ची ओढून बसत. “पा-णी. म्हण बघू. पा-णी.” त्यात माया नव्हती असं नाही. पण चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

मग एका दुपारी भेटायला आलेल्या आत्याला आईचं बोलणं ऐकून हसू आवरलं नाही. आईनं ते पाहिलं. तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. चार महिने झाले होते. डॉक्टर म्हणाले, बोलती ठेवा, नाहीतर आहे तेही जाईल. मुलीनं लाडीगोडी लावली, भांडण उकरून काढलं, मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकला. आईनं तो मुकाट्यानं उचलून वाळत घातला. त्या दिवशी मुलगी न्हाणीघरात जाऊन रडली.

हे सगळं तिनं त्या दोघांना गाद्यांना पाठ लावून सांगितलं. मग त्यांनी वाजवलं. लंबूची गिटार पाण्याखालून आल्यासारखी वाजत होती. कडव्यात जेवायला बोलावणं होतं, धृपदात रागावणं, आणि शेवटी नुसतीच लांबवर जाणारी हाक. लंबूनं रेकॉर्डिंग थांबवलं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“माझी आई पण असंच बोलते,” ड्रमवाला म्हणाला. “शब्द असून.”

सिंगल म्हणून ते एकच गाणं त्यांनी बाहेर काढलं. पहिले दोन आठवडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग कुठल्याशा रेडिओवर ते संध्याकाळी लागलं, आणि हळूहळू पसरत गेलं. एका समीक्षकानं लिहिलं, निरर्थक बडबड. दुसऱ्या एका गृहस्थानं छातीठोकपणे कळवलं की ही एका बेटावरची लुप्त भाषा आहे आणि त्याच्या आजोबांना ती यायची. कुणी ते लावून बाळ झोपवलं. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं ते गुणगुणू लागली, आणि तसं करताना एकमेकांकडे बघू लागली.

बाबांनी ते औषधांच्या दुकानात ऐकलं. घरी आले ते बूट न काढताच मुलीसमोर उभे राहिले.

“घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडलंस,” ते म्हणाले. “एकटी माझी बहीण हसली तर ही मुकी झाली. आता सगळं गाव हसेल.”

मुलीला स्वतःलाही हीच धास्ती होती.

“रविवारी दुपारी कार्यक्रम आहे,” ती कशीबशी म्हणाली. “तुम्ही दोघं या.”

“मुळीच येणार नाही.”

पण आई दाराशी चपला घालून उभी होती. वार होता गुरुवार.

रविवारी सभागृह भरलं होतं. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन तिरकं आत आलं होतं, आणि त्यात धूळ सावकाश तरंगत होती. आईबाबा तिसऱ्या रांगेत कडेला बसले. शेवटी ते गाणं आलं. मुलीनं पहिली ओळ म्हटली आणि आईकडे पाहिलं. आईची मान खाली होती. मुलीनं माइक तोंडापासून दूर केला. गिटार चालू राहिली, ड्रम चालू राहिला, आणि गाण्यात गाणारं कुणी उरलं नाही.

मग मागून कुणीतरी ओळ उचलली. मग शेजारच्यानं. मग सगळ्यांनीच. तीनशे माणसं आईच्या भाषेत जेवायला बोलावत होती. कुणी हसत नव्हतं. काहींनी तर डोळे मिटले होते.

आईनं मान वर केली. परमुलखात कुणी आपल्या गावचं बोलताना कानावर पडावं, तशी ती आजूबाजूला बघू लागली. या चेहऱ्याकडे, त्या चेहऱ्याकडे.

बाबा हाताची घडी घालून बसले होते. दोन ओळी गेल्या. मग घडी सुटली. जन्मात कधी सुरात न गायलेला तो माणूस आईकडे वळला आणि अडखळत, लाजत, सगळ्यांच्या मागे मागे म्हणू लागला, “नोमी ले, लुवा नोमी...”

आईनं त्यांच्या दंडावर हात ठेवून त्यांना थांबवलं. साफ चुकलं होतं त्यांचं. तिनं नकारार्थी मान हलवली, आणि इतक्या महिन्यांनी तोंड उघडून ते त्यांना एकेक अक्षर सुटं करून नीट म्हणून दाखवलं.